‘पर्मनंट आहे का?’ : नाशिकमधल्या यशाच्या मापाची पार्श्वभूमी

स्थळ घेऊन आलेल्या मध्यस्थाला नाशिकमध्ये गाव आणि कुळी विचारून झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मुलगा पर्मनंट आहे का? अलीकडे मुलीबद्दलही तोच विचारतात. कोणी अंबडची नोकरी सोडून मखमलाबादला रोपवाटिका टाकतो. कोणी स्पर्धा परीक्षेचे दोन प्रयत्न झाल्यावर अभ्यासिकेतली जागा सोडून शिकवण्या घेऊ लागते. कोणी पुण्याच्या पगारावर पाणी सोडून आईवडिलांजवळ राहायला परत येतो. ‘आमचे यश आम्ही ठरवू’ असे हे सगळे म्हणतात, तेव्हा त्यांचे भांडण बहुतेक वेळा या एका प्रश्नाशी असते. त्यामागचे माप वाटते तितके जुने नाही आणि वाटते तितके स्पष्ट तर मुळीच नाही.

जुन्या नाशिकची मापे आळीपुरती होती. तांबट आळीत हातोड्याची सफाई पाहत, पंचवटीत यजमानांच्या वह्या मोजत, येवल्यात मागावरची वीण आणि निफाडकडे विहिरीचे पाणी उन्हाळ्यात कुठवर टिकते ते. या काळाला फार गोंजारू नये, कारण काम जातीने ठरत होते आणि माप निवडायची मुभा कोणालाच नव्हती. काळाराम मंदिराच्या दारात ज्यांना १९३० पासून पाच वर्षे सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या घरातल्या पोराचे नाव सरकारी हजेरीपटावर चढणे ही सुटकाच होती. पुढे ‘नोकरी म्हणजे यश’ या समजुतीला जी धार आली, तिच्यात या सुटकेचा मोठा वाटा आहे. आज नोकरीवर टीका करणारे तो सोयीने विसरतात.

सगळ्या शहराला सामाईक माप मिळाले ते नाशिकरोडमुळे. १९२५ मध्ये तिथे टपाल तिकिटे आणि मुद्रांक छापू लागले, १९२८ मध्ये नोटा. ‘प्रेसमध्ये लागला’ एवढे म्हटले की पुढे काही सांगावे लागत नसे. १९६४ मध्ये ओझरला विमान कारखाना आला. सातपूर आणि मग अंबडची औद्योगिक वसाहत उभी राहिली. कामगारांच्या घरांसाठी सिडकोच्या सहा योजना झाल्या आणि ‘तिसऱ्या स्कीममध्ये राहतो’ हा पत्त्याचा प्रकार रूढ झाला. ढोबळमानाने १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत कायम कामगाराला जे मिळे, ते एकाच पगारपत्रकात बांधलेले असे: ठरल्या तारखेचा पगार, महागाई भत्ता, दिवाळीला किमान ८.३३ टक्के बोनस, दवाखाना, पगारदार पतसंस्थेचे कर्ज आणि त्या कर्जावर घर. वधूपित्याला दहा चौकशा करायची गरज नव्हती, एका प्रश्नात सगळे कळत होते. त्या काळापुरते ते माप शहाणपणाचे होते.

घोटाळा आहे तो शब्दात. पर्मनंट म्हणजे नक्की काय, याचे उत्तर कायद्यातही एका जागी मिळत नाही.

कारखान्याच्या गेटवर सर्वांत जास्त ऐकू येणारा आकडा २४०. ‘दोनशे चाळीस भरले की पर्मनंट’ असे नवा पोरगाही सांगतो. पण हे २४० दोन आहेत. पहिला १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातला (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे): बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले की ती एक वर्षाची सलग सेवा धरतात. त्याचा परिणाम एवढाच, की अशा माणसाची कपात करायची, म्हणजे त्याला कामावरून कमी करायचे, तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. कायम करा, असे तो कायदा कुठेच म्हणत नव्हता. दुसरा २४० महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांतला, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींच्या नमुना नियमांतला. त्याच्या ४-क कलमात, मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस भरलेल्या बदली (गैरहजर माणसाच्या जागी घेतलेल्या) किंवा तात्पुरत्या कामगाराला कायम करावे, असे लिहिले आहे. पहिला काढून टाकण्याची किंमत ठरवतो, दुसरा ठेवून घ्यायला सांगतो. गेटवरच्या गप्पांत दोन्ही एक झाले आणि त्यातून कित्येकांची वर्षे गेली.

हा दुसरा २४० चुकवण्यासाठी ‘ब्रेक’ आला. सहा-सात महिने झाले की माणसाला घरी बसवायचे, पुन्हा बोलवायचे, कार्डावर नवी तारीख टाकायची. कामगाराला कायमपणाचे लाभ मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरते ठेवणे ही अनुचित प्रथा आहे, असे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात आहे. म्हणजे उपाय आहे, अडते ते पुराव्यावर. गेटपास परत घेतलेला असतो, पगार ठेकेदाराच्या खात्यातून आलेला असतो, हजेरी कार्ड महिन्याअखेरीस जमा करावे लागते. ज्यांनी दर महिन्याच्या पगारपावतीचा आणि हजेरी कार्डाचा फोटो काढून ठेवला, त्यांचेच दावे पुढे उभे राहतात. मोजणीतही एक चूक वारंवार होते. पगारी साप्ताहिक सुट्ट्या आणि सणाच्या सुट्ट्या सलग सेवेच्या २४० दिवसांत धरायच्या, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितले आहे. तरी लोक फक्त हजेरीचे दिवस मोजतात आणि दोनशे-सव्वादोनशेवर अडकलो म्हणून दावा सोडून देतात.

ठेकेदाराकडच्या माणसाची गोष्ट आणखी वेगळी. ठेकेदारी बंद झाली तरी त्याचे कामगार मूळ कंपनीत आपोआप कायम होत नाहीत, असा निकाल २००१ मध्ये लागला. ठेका नुसता कागदोपत्री देखावा होता हे सिद्ध झाले तरच गोष्ट बदलते. सरकारी खात्यांपुरते २००६ च्या निकालाने दार जवळपास लावून घेतले: रीतसर भरतीशिवाय घेतलेल्या माणसाला केवळ बरीच वर्षे काम केले म्हणून कायमपणाचा हक्क नाही. शिकाऊ उमेदवार १९६१ च्या कायद्याप्रमाणे कामगारच नाही. २०१३ मध्ये आलेल्या ‘नीम’ या कारखान्यातल्या प्रशिक्षणाच्या योजनेतले प्रशिक्षणार्थी तीन ते छत्तीस महिने मशीनवर उभे राहत आणि छत्तीस झाले की निघत.

एकाच लाइनवर, एकाच रंगाच्या शर्टात, असे चार-पाच प्रकारचे लोक काम करतात. शेजारच्यांना शर्ट दिसतो. ‘कंपनीत आहे’ असे ते सांगतात आणि ऐकणारा मनात १९८० सालचा पर्मनंट धरतो.

नव्वदनंतर ती बांधलेली मोट सुटत गेली. स्वेच्छानिवृत्तीची रक्कम घेऊन पन्नाशीच्या आत घरी आलेले कायम कामगार सातपूर-अंबडला भरपूर निघतील. त्यांतल्या काहींनी ती रक्कम जादा व्याजासाठी पतसंस्थांत ठेवली आणि बुडवून घेतली. केंद्राच्या नव्या भरतीची जुनी पेन्शन १ जानेवारी २००४ पासून गेली, राज्याची १ नोव्हेंबर २००५ पासून. त्याच पेन्शनसाठी मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी आठवडाभर संपावर होते. सरकारी नोकरीतही ‘पर्मनंट’ या शब्दाचे दोन अर्थ झाले आहेत, २००५ च्या अलीकडचा आणि पलीकडचा, हे त्या संपाने घराघरांत पोचवले.

नोकरीबाहेरचे माप बसवायचे प्रयत्न जिल्ह्यात झाले नाहीत असे नाही. सर्वांत मोठा द्राक्षांचा. पण पिंपळगाव-दिंडोरी पट्ट्यात त्याचेही लवकरच दुसरे ‘पर्मनंट’ झाले: माल एक्स्पोर्टला जातो का? गोडी छाटणीपासून (फळासाठीच्या छाटणीपासून) काढणीपर्यंतचे चार-साडेचार महिने माणूस डाउनी आणि भुरी हे रोग आणि अवकाळी पाऊस यांच्याशी झुंजतो, मणी फुगवतो, विरळणी करतो आणि शेवटी प्रयोगशाळेच्या अहवालात औषधाचा अंश जास्त निघाला तर लौकिकात तो हरलेला. २०१० मध्ये एका वाढरोधक संजीवकाच्या अंशामुळे युरोपात माल अडकला, तेव्हा ज्यांनी मेहनतीत काही कमी केले नव्हते त्यांच्याही माथी अपयश आले. २००१ च्या वाइन धोरणानंतर अनेकांनी वाइनच्या जाती लावल्या, २००९ च्या आसपास खरेदी थंडावली आणि बागांवर कुऱ्हाड चालली. या दोन धक्क्यांनी गावातल्या मुलींच्या आईबापांना ‘शेतकरी नको, नोकरीवाला द्या’ म्हणायला पक्के कारण दिले. नोकरीवाल्या जावयाची चार एकर शेती मात्र असावी, हा भाग गंभीरपणे बोलला जातो, त्यावर कोणी हसत नाही.

स्पर्धा परीक्षांचा पट्टा याच भीतीवर पोसला. २०१६ मध्ये राज्याच्या सरकारी भरतीत खुल्या गटाची वयोमर्यादा ३३ वरून ३८ झाली, मागास गटांची ४३. सवलत म्हणून निर्णय ठीक होता. पण थांबायचे कधी हे आधी सरकार सांगत होते, ते पाच वर्षांनी पुढे गेले. डिसेंबर २०२० मध्ये राज्य लोकसेवा आयोगाने खुल्या गटाला सहा आणि इतर मागासवर्गाला नऊ प्रयत्नांची मर्यादा घातली, ती पुढे मागे घेतली. त्यामुळे थांबायचा दिवस उमेदवारानेच ठरवायचा आहे. गंगापूर रोडच्या अभ्यासिकांत जे नीट बाहेर पडतात, ते हा दिवस पहिल्या वर्षीच लिहून ठेवतात: इतके प्रयत्न, किंवा मुख्य परीक्षेत सलग दोनदा कटऑफच्या इतके खाली. निकालाच्या रात्री ठरवायला बसलेला माणूस नेहमी ‘अजून एकदा’ म्हणतो.

यश स्वतः ठरवणे हे त्यामुळे जाहीर करण्यापेक्षा मोट सोडून एकेक वस्तू वेगळी मोजण्याचे काम आहे. पेन्शनचे उदाहरण घ्या. खाजगी कारखान्यातला पर्मनंट आणि ठेकेदाराकडचा पीएफवाला, दोघांची पेन्शन एकाच सूत्राने निघते: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०. हा पगार सर्वसाधारणपणे १५,००० च्या वर धरत नाहीत. तीस वर्षांची सेवा, त्यात वीसच्या वर सेवा असलेल्याला मिळणारी दोन वर्षे धरून ३२. हिशेब ६,८५७ रुपयांवर थांबतो. ज्या पेन्शनसाठी जावई पर्मनंट हवा असतो, ती ही. दहा वर्षांची सेवा मात्र दोघांनाही लागते आणि ठेकेदाराकडचा माणूस इथेच मार खातो. ठेकेदार बदलला की नवा यूएएन (पीएफ खात्यांचा सामाईक क्रमांक) निघतो, जुना जोडला जात नाही. पैशांची नड आली की फॉर्म १०-क भरून पेन्शनची रक्कम काढली जाते आणि तितकी वर्षे पुसली जातात. नोकरी सोडल्याची तारीख नोंदीत चढली नसेल तर खाते पुढे नेता येत नाही. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की ती तारीख कामगाराला स्वतः ऑनलाइन भरता येते. दहा वर्षांना काही महिने उरले असताना रोपवाटिका टाकायला निघालेल्याने आधी हे पाहावे, मग राजीनामा लिहावा.

ग्रॅच्युइटीत फरक खरा आहे. पाच वर्षे एकाच मालकाकडे लागतात आणि ठेका दोन-तीन वर्षांनी फिरतो, म्हणून मशीन तेच राहूनही हिशेब पुन्हा शून्यावर येतो. दवाखान्याचे उलट. २१,००० पर्यंत पगार असलेल्या ठेकेदारी कामगाराला ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विमा, लागू असते, पगारातून ०.७५ टक्के जातात. पगार वाढून मर्यादा ओलांडली की नव्या वर्गणी-काळापासून ती सुटते. त्या महिन्यात स्वतःचा आरोग्य विमा काढायचा राहून जातो आणि पहिल्याच ऑपरेशनला घर पुन्हा ‘पर्मनंट असता तर’ म्हणू लागते.

घरकर्जात नोकरदाराकडून तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि फॉर्म १६ (मालकाने दिलेला करकपातीचा दाखला) मागतात, स्वतःचे काम असलेल्याकडून साधारण तीन वर्षांची प्राप्तिकराची विवरणपत्रे. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही म्हणून विवरणपत्र भरलेच नाही, अशा बागायतदाराला बारमाही उलाढाल असूनही बँकेत हात हलवत परतावे लागते. काम सुरू केल्याच्या पहिल्याच वर्षी, नफा कमी असला तरी, विवरणपत्र भरायला लागणे हा यावरचा साधा इलाज आहे.

मान तेवढा सुटा मिळत नाही. तो अजून जुन्या मोटेतच बांधलेला आहे.

नव्या औद्योगिक संबंध संहितेने तात्पुरता आणि कायम यांच्यामध्ये तिसरी जागा पक्की केली आहे: निश्चित मुदतीची नोकरी. संहिता २०२० मध्ये मंजूर झाली, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. या माणसाला कायम कामगारासारखेच वेतन आणि लाभ द्यायचे आहेत, ग्रॅच्युइटीसाठी त्याला पाच वर्षे थांबायचे नाही, एका वर्षाची सेवा पुरते. मुदत संपून जाणे मात्र कपात धरली जात नाही, म्हणजे २४० मधला पहिला त्याच्या कामाचा नाही. ‘पर्मनंट आहे का’ या प्रश्नाला त्याचे उत्तर ‘नाही’ असेच येते, पण करारावर शेवटची तारीख छापलेली असते आणि तिच्यापर्यंतचा हिशेब त्याला पहिल्या दिवशी मांडता येतो.