०७३१ मधलं शून्य जातं कुठे?

इंदूरच्या एखाद्या मराठी मंडळाची सभासद यादी संगणकावर घेताना फोनच्या रकान्यात शहराचा एसटीडी कोड येतो: ०७३१. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत त्याचा पूर्णांक केला, की उरतं ७३१. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत, जुन्या पद्धतीने, तोच कोड इंग्रजी अंकांत आणि अवतरणचिन्हांशिवाय लिहिला, तर होतो चक्क ४७३! शून्याने सुरू होणारा आकडा तिथे अष्टमान, म्हणजे ० ते ७ या आठच अंकांच्या, पद्धतीतला धरतात: ७×६४ + ३×८ + १. पायथन ३ असा आकडा लिहूच देत नाही.

एसटीडी कोडची बेरीज-वजाबाकी कुणी करत नाही. तो अंकांत लिहिलेला मजकूर आहे, म्हणजे स्ट्रिंग. पिनकोडही तसाच.

सी किंवा जावा या भाषांमध्ये व्हेरिएबलचा, म्हणजे मूल्य ठेवायच्या नावाचा, डेटा टाइप (संख्या की मजकूर, हा प्रकार) प्रोग्राम चालण्याआधीच ठरलेला असतो. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पायथनमध्ये टाइप नावाला नाही, तर त्यातल्या मूल्याला असतो. ‘कोड’ या नावात आत्ता संख्या ठेवा, पुढच्या ओळीत मजकूर, चालतं. त्यामुळे इथे टाइप नसतातच असा समज होतो, आणि तो साफ चुकीचा आहे. "5" + 3 लिहून पाहा: पायथन टाइप एरर, म्हणजे प्रकार जुळत नसल्याची चूक, दाखवून थांबतं. जावास्क्रिप्ट मात्र "53" असं जोडून मोकळी होते, आणि "5" - 3 केलं तर 2 देते. मला पायथनचं अडून बसणं पसंत आहे, कारण चूक जिथल्या तिथे कळते.

पण पायथनही सगळीकडे अडवत नाही. पायथन ३ मध्ये ‘इनपुट’ या आज्ञेने वापरणाऱ्याकडून घेतलेली प्रत्येक गोष्ट स्ट्रिंगच असते. दोन सभासदांची वयं विचारली, ९ आणि ६१ अशी उत्तरं आली आणि ती तशीच ताडून पाहिली, तर नऊ वर्षांचा नातू एकसष्टीच्या आजोबांपेक्षा मोठा ठरतो! स्ट्रिंगची तुलना अक्षरागणिक होते, आणि ९ हा ६ च्या पुढचा. एररही येत नाही. म्हणून वय हाती येताच ‘इंट’ वापरून त्याची संख्या करून घ्यायची.

इथे मराठी माणसाला आवडेल अशी एक सोय आहे. पायथनच्या प्रोग्राममध्ये संख्या थेट देवनागरी अंकांत लिहिता येत नाही, पण कुणी फॉर्ममध्ये वर्गणी ‘५०१’ अशी देवनागरीत भरली, तर ‘इंट’ तिची बिनचूक संख्या करतं. जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ त्याच ५०१ ला ‘ही संख्या नाही’ असं सांगतं. तिथे आधी अंक बदलून घ्यावे लागतात.