डिव्हाइस ड्रायव्हर व त्याचे दस्तऐवजीकरण (मुक्तस्रोत कर्नलमधील)

कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये राहून एखादे ठरावीक उपकरण चालविणाऱ्या प्रोग्रॅमला डिव्हाइस ड्रायव्हर म्हणतात. त्याला दोन बाजू सांभाळाव्या लागतात. एका बाजूला उपकरणाची रजिस्टरे (आज्ञा व स्थिती ठेवणाऱ्या छोट्या जागा), इंटरप्ट (लक्ष वेधणारे संकेत) आणि स्मृतीशी होणारी थेट देवाणघेवाण असते, तर दुसऱ्या बाजूला कर्नलमधील एखादी उपप्रणाली (डिस्क, नेटवर्क, कीबोर्ड-माउस, सीरियल पोर्ट इ.) असते. या दोन्ही बाजूंनी काय गृहीत धरले आहे याची नोंद म्हणजे ड्रायव्हरचे दस्तऐवजीकरण होय. मॅन्युअलचे पान, सोर्स कोडमधील टिप्पण्या, कर्नल बांधताना दिसणारा मदतीचा मजकूर आणि हार्डवेअरची मांडणी सांगणारे वर्णन या सर्वांचा त्यात समावेश होतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः लिनक्स कर्नलचा विचार केला असून फ्रीबीएसडी व इतर युनिक्सवंशीय बीएसडी प्रणालींचा उल्लेख प्रसंगोपात्त आला आहे.

उगम : ड्रायव्हर या कल्पनेचा आरंभ कोठे धरावा याविषयी एकमत नाही. एका मतानुसार तो १९५० च्या दशकाच्या अखेरीस आयबीएमच्या मोठ्या संगणकांसाठी तयार झालेल्या आयओसीएस या रूटीनसंचात शोधावा लागतो, कारण चुंबकीय फीत किंवा छपाईयंत्र यांचे बारकावे प्रत्येक प्रोग्रॅमरने स्वतः लिहिण्याची गरज या संचामुळे उरली नाही. मात्र हे रूटीन बहुधा वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमसोबतच जोडले जात. संरक्षित गाभ्याची आजची कल्पना त्यांत अभिप्रेत नव्हती. दुसरे मत मल्टिक्स या बहुवापरकर्ता कार्यप्रणालीच्या प्रकल्पाकडे बोट दाखविते. १९६५ मध्ये या प्रकल्पावर जे निबंध एकत्रितपणे सादर झाले, त्यांपैकी इनपुट-आउटपुटविषयक निबंधाच्या लेखकांत बेल लॅबोरेटरीजचे जोसेफ ओसाना होते. पुढे मल्टिक्समध्ये प्रत्येक प्रकारच्या उपकरणासाठी ‘डिव्हाइस इंटरफेस मॉड्यूल’ नावाचा स्वतंत्र घटक आला आणि वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमला समोर कोणते यंत्र आहे हे माहीत असण्याचे कारण उरले नाही.

केवळ ड्रायव्हरचा विचार केला तर मल्टिक्सचा दावा बळकट आहे. परंतु ड्रायव्हर आणि त्याचे लिखित वर्णन ही जोडी विचारात घेतल्यास युनिक्स या कार्यप्रणालीच्या पहिल्या आवृत्तीचे मॅन्युअल हाच आरंभबिंदू मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या या मॅन्युअलचा चौथा विभाग ‘विशेष फाइलीं’ना, म्हणजे फाइलीच्या रूपात समोर येणाऱ्या उपकरणांना, वाहिलेला आहे. टेलिटाइप, कागदी फीत, डिस्क यांना त्यात स्वतंत्र पाने असून पानांना ज्ञात दोष सांगणारे उपशीर्षक दिलेले आढळते. लिहिणाऱ्यानेच उणीव सांगून ठेवावी, हा त्या उपशीर्षकामागचा दंडक ड्रायव्हरच्या बाबतीत फार मोलाचा ठरला. याच मॅन्युअलच्या पुढील आवृत्त्या ज्या ट्रॉफ या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमने छापल्या जाऊ लागल्या तो ओसाना यांनीच लिहिला होता. चौथ्या विभागाची परंपरा बीएसडी कुळात आजही अखंड आहे : फ्रीबीएसडीत ड्रायव्हरचे पान चौथ्या विभागात, तर कर्नलच्या अंतर्गत फंक्शनांचे पान नवव्या विभागात पाहावयाचे असते. लिनक्समध्ये चौथा विभाग आहे, परंतु तो त्रोटक आहे; तेथील बहुतांश माहिती सोर्स कोडसोबतच्या ‘डॉक्युमेंटेशन’ या निर्देशिकेत गेली आहे.

१९८० च्या सुमारास एमआयटीतील एका लेझर प्रिंटरच्या ड्रायव्हरचा सोर्स कोड रिचर्ड स्टॉलमन यांना नाकारला गेला, हा प्रसंग मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या संदर्भात नेहमी सांगितला जातो. चळवळीची कारणे त्याहून व्यापक असली, तरी निमित्त ड्रायव्हरचे होते ही बाब येथे नोंदविण्याजोगी आहे.

लिनक्समधील स्थिती : २५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनस टोरव्हाल्ड्स यांनी आपल्या प्रणालीची घोषणा केली, तेव्हा आपल्याकडे आहे तीच एटी प्रकारची हार्ड डिस्क तीत चालेल आणि त्यापलीकडे बहुधा काही चालणार नाही, असे त्यांनी म्हटले होते. आज कर्नलच्या सोर्स कोडचा निम्म्याहून अधिक भाग ‘ड्रायव्हर्स’ या एकाच निर्देशिकेत आहे. कर्नल चालू असताना ड्रायव्हर आत घेण्याची किंवा काढून टाकण्याची सोय, म्हणजे मॉड्यूल, १९९५ च्या १.२ आवृत्तीपर्यंत रुळली होती. उपकरणाची फाइल मेजर व मायनर या दोन क्रमांकांनी ओळखली जाते. त्यांतील मेजर क्रमांकावरून कोणता ड्रायव्हर ते ठरते, मायनर क्रमांकावरून त्या ड्रायव्हरकडील कोणते उपकरण ते ठरते. आरंभी दोन्ही क्रमांकांना प्रत्येकी ८ बिट होते. डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीत मेजरला १२ व मायनरला २० बिट मिळाले. क्रमांकांची अधिकृत यादी दस्तऐवज म्हणूनच ठेवलेली आहे. उपकरणांच्या या यादीत १ व ३ ही जोडी ‘नल’ची (लिहिलेले सर्व टाकून देणाऱ्या फाइलीची), तर १८८ हा मेजर क्रमांक यूएसबी-सीरियल कन्व्हर्टरांचा (यूएसबीवरून सीरियल पोर्ट देणाऱ्या जोडसाधनांचा) आहे.

या शेवटच्या प्रकाराचे उदाहरण पुण्यात सहज पाहावयास मिळते. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत मिळणाऱ्या स्वस्त यूएसबी-सीरियल कन्व्हर्टरांत सीएच३४० जातीची चिप सर्रास आढळते. असा कन्व्हर्टर लिनक्स संगणकाला लावला की चिप आपले दोन षोडशमान क्रमांक सांगते, उत्पादकाचा १ए८६ आणि वस्तूचा ७५२३. कर्नलमधील सीएच३४१ या ड्रायव्हरच्या तक्त्यात ही जोडी असल्यामुळे तो ड्रायव्हर पुढे येतो, त्याचे ‘प्रोब’ (उपकरण ताब्यात घेणारे) फंक्शन चालते आणि ‘टीटीवाययूएसबी०’ ही फाइल तयार होते. या ड्रायव्हरच्या फाइलीच्या सुरुवातीची टिप्पणी वाचण्यासारखी आहे. सीएच३४१ ही चिप सीरियल पोर्ट, प्रिंटरचा समांतर पोर्ट आणि स्मृतीसारखा इंटरफेस अशा तीन रूपांत वापरता येते, शिवाय आय-टू-सी (चिपांना आपसांत जोडणारी दोन तारांची) जोडणीही देते, असे सांगून लगेच पुढे हा ड्रायव्हर फक्त सीरियल बाजू चालवितो, असे त्यात स्पष्ट केले आहे. चार ओळींच्या या मजकुरामुळे वाचणाऱ्याचा बराच वेळ वाचतो. काय होत नाही हे सांगणारे वाक्य ड्रायव्हरच्या दस्तऐवजात सर्वांत दुर्मिळ आणि सर्वांत उपयोगी असते.

दस्तऐवजाचे प्रकार : कर्नलच्या फंक्शनांचे वर्णन ‘कर्नल-डॉक’ पद्धतीने कोडमध्येच लिहितात. तिरपी रेघ व दोन तारांकने यांनी टिप्पणी सुरू होते. पहिल्या ओळीत फंक्शनचे नाव व एका वाक्यात त्याचे काम, पुढे प्रत्येक पॅरामीटरची एकेक ओळ आणि शेवटी फंक्शन काय परत करते ते, असा क्रम असतो. पूर्वी या टिप्पण्यांपासून डॉकबुक स्वरूपातील पुस्तके तयार होत. २०१६ पासून त्यांची जागा स्फिंक्स या साधनाने व रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या साध्या लेखनपद्धतीने घेतली. जोनाथन कॉर्बेट हे दीर्घकाळ या विभागाचे मेंटेनर (देखरेख करणारे) आहेत. जादा इशारे चालू करून कर्नल बांधला, तर कोडमध्ये असलेल्या पण टिप्पणीत नसलेल्या पॅरामीटरची तक्रार साधनच करते.

याच दिशेचा पुढचा टप्पा डिव्हाइस ट्री या वर्णनात दिसतो. एआरएम जातीच्या प्रोसेसरच्या बोर्डांवर कोणती चिप कोठे जोडली आहे हे हार्डवेअर स्वतः सांगत नाही; ते कर्नलला लिहून द्यावे लागते. ही लेखनपद्धती ओपन फर्मवेअर या मानकाकडून आली असून २०११ नंतर एआरएम बोर्डांसाठी ती झपाट्याने स्वीकारली गेली. कोणते गुणधर्म लिहावयाचे हे सांगणारे नियम आधी मोकळ्या गद्यात असत आणि त्यामुळे त्यांचा अर्थ ज्याच्या त्याच्या समजुतीवर सोडलेला असे. साधारणतः २०१९ पासून ते यामल या यंत्रवाचनीय लेखनस्वरूपातील काटेकोर आराखड्यांत उतरविले जात आहेत. आता नियमासोबत दिलेले उदाहरणही यंत्राकडून तपासले जाते आणि नियमात नसलेले नाव वापरणाऱ्या बदलावर तपासणी-स्क्रिप्ट आक्षेप घेते. दस्तऐवज कोडला बांधलेला आणि यंत्राने तपासता येण्याजोगा असेल तरच तो दीर्घकाळ खरा राहतो, हा निष्कर्ष या इतिहासातून निघतो असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सुट्या फाइलींत लिहिलेली कितीतरी ड्रायव्हर-वर्णने संबंधित कोड बदलून गेल्यावरही तशीच पडून राहिलेली आढळतात.

कर्नलमधील अंतर्गत इंटरफेस कायम राहतील अशी हमी लिनक्स देत नाही. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी लिहिलेला यासंबंधीचा युक्तिवाद कर्नलच्या दस्तऐवजांतच समाविष्ट आहे : ड्रायव्हर मुख्य सोर्समध्ये असला की इंटरफेस बदलणाराच तो दुरुस्त करतो, म्हणून स्थिर इंटरफेसची गरज उरत नाही. वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमना दिसणारा इंटरफेस मात्र मोडावयाचा नाही असा संकेत आहे आणि त्याची नोंद स्थिर, चाचणीतील, कालबाह्य व काढून टाकलेले अशा चार निर्देशिकांत केली जाते. उलट बाजूने अँड्रॉइडच्या समान कर्नल योजनेत एका दीर्घमुदतीच्या शाखेपुरता अंतर्गत इंटरफेस गोठविला जातो, कारण चिप-उत्पादकांचे ड्रायव्हर बाहेरच राहतात. दोन्ही भूमिका आपापल्या परिस्थितीत समर्थनीय आहेत. दस्तऐवजाच्या दृष्टीने पहिलीचे पारडे जड आहे, कारण कोड, वर्णन आणि बदलाचे कारण ही तिन्ही एकाच इतिहासात सापडतात.

दोषांविषयीचा वाद : ड्रायव्हर हा कर्नलचा सर्वांत कमकुवत भाग आहे, हे विधान इतके वेळा केले जाते की त्याचा आधार तपासणे आवश्यक ठरते. २००१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील चू, एंगलर आदींनी २.४.१ पर्यंतच्या लिनक्स आवृत्त्या स्वयंचलित साधनाने तपासल्या आणि ड्रायव्हरमधील दोषांचे प्रमाण उर्वरित कर्नलच्या तीन ते सात पट असल्याचे दाखविले. पुढची अनेक वर्षे हाच आकडा उद्धृत होत राहिला. २०११ मध्ये पॅलिक्स व सहकाऱ्यांनी २.६.० ते २.६.३३ या आवृत्त्यांवर तीच पद्धत नव्याने वापरली, तेव्हा चित्र बदललेले होते. संख्येने दोष अजूनही ड्रायव्हरमध्येच अधिक होते, परंतु कोडच्या आकाराशी तुलना करता प्रोसेसरनिहाय कोडच्या ‘आर्क’ निर्देशिकेतील प्रमाण ड्रायव्हरच्या पुढे गेले होते. साधने जे दोष शोधतात तेच मोजले जातात, ही मर्यादा दोन्ही अभ्यासांना लागू आहे. तरीही जुना आकडा आजच्या कर्नलविषयी वापरणे योग्य नाही. नंतरचा अभ्यास अधिक ग्राह्य मानावा.

वाहन उद्योगातील उदाहरण : पिंपरी-चिंचवड व चाकण येथील वाहन उद्योग आणि १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संशोधन संस्था यांमुळे पुणे परिसरातील अनेक तंत्रज्ञांचा कॅन बसशी (वाहनातील नियंत्रकांना एकमेकांशी जोडणाऱ्या संदेशवाहिनीशी) रोजचा संबंध येतो. बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेल्या या बसवर एका साध्या फ्रेममध्ये (संदेशात) ८ बाइटपर्यंत माहिती जाते आणि फ्रेमची ओळख ११ किंवा २९ बिटांची असते. लिनक्ससाठीचे आधीचे कॅन ड्रायव्हर प्रत्येक उत्पादकाने आपापल्या परीने कॅरेक्टर डिव्हाइस (बाइटांच्या प्रवाहासारखी वाचली-लिहिली जाणारी उपकरण-फाइल) म्हणून लिहिले होते. त्यांत बहुधा एका वेळी एकच प्रोग्रॅम उपकरण उघडू शके आणि कार्ड बदलले की प्रोग्रॅमही बदलावा लागे. फोक्सवॅगनच्या संशोधन विभागाकडून आलेल्या सॉकेटकॅनने कॅन कार्डाला नेटवर्क इंटरफेस मानले; एप्रिल २००८ च्या २.६.२५ आवृत्तीत ते कर्नलमध्ये आले. त्याच्या दस्तऐवजाचे वैशिष्ट्य असे, की वापराच्या सूचनांआधी ‘हे असे का’ याचे सविस्तर उत्तर त्यात दिलेले आहे आणि जुन्या रचनेच्या त्रुटी नावानिशी मांडल्या आहेत. सोबतच्या ‘व्हीकॅन’ या आभासी ड्रायव्हरमुळे गाडी किंवा कार्ड हाताशी नसतानाही विद्यार्थ्याला संपूर्ण पद्धत करून पाहता येते.

पुणे व मराठी : १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संगणन-संशोधन संस्थेचे मुख्यालय पुण्यात आहे. तिचा १९९१ चा परम ८००० हा महासंगणक ट्रान्सप्युटर या समांतर संगणनासाठीच्या प्रोसेसरवर आधारित होता. पुढच्या परम संगणकांत लिनक्सचा वापर रूढ झाला. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांच्या संकेतांसाठी २०१० च्या सुमारास बाजारात मिळणारी एडीसी कार्डे (संकेताचे अंकांत रूपांतर करणारी) व लिनक्स संगणकांचा समूह यांवर आधारलेली सॉफ्टवेअर यंत्रणा उभी राहिली. अशा ठिकाणी ड्रायव्हरकडून एकच अपेक्षा असते : कार्डाने स्मृतीत भरलेला संकेत खंड न पडता पुढच्या प्रोग्रॅमला मिळावा. शहरातील लिनक्स वापरकर्त्यांचा ‘प्लग’ हा गट आणि सिंबायोसिसमधील जीएनयूनिफाय हा मेळावा यांनी या विषयाची ओळख विद्यार्थ्यांपर्यंत नेली.

कर्नलच्या दस्तऐवजांची चिनी, जपानी, कोरियन, इटालियन व स्पॅनिश भाषांतरे सोर्ससोबतच ठेवलेली आहेत. मराठीचा संबंध सध्या मुख्यतः वापरकर्त्याच्या पातळीवर येतो. कीबोर्डचा ड्रायव्हर दाबलेल्या कळीचा संकेतांक तेवढा पुढे पाठवितो. इन्स्क्रिप्ट मांडणीतून त्याचे देवनागरी अक्षर बनविण्याचे काम कर्नलबाहेरील ग्राफिक प्रणाली करते. कर्नलच्या स्वतःच्या मजकूर-कन्सोलच्या फाँटमध्ये २५६ किंवा फार तर ५१२ आकृत्या मावतात आणि मात्रा व जोडाक्षरे जुळविण्याची सोय त्यात नाही, त्यामुळे तेथे मराठी मजकूर नीट उमटत नाही. जोडाक्षरे जुळविणारे सॉफ्टवेअर आकाराने मोठे व गुंतागुंतीचे असल्याने ते कर्नलबाहेर ठेवण्याकडेच आजवरचा कल राहिला आहे.