जेंबे, चिखलाचे कापड आणि ठसे : शाळांसाठीच्या कार्यशाळेची माहिती

हे माहितीपत्रक मुख्याध्यापक, कलाशिक्षक आणि पालक-शिक्षक संघातल्या मंडळींसाठी आहे. कार्यशाळेत नेमके काय होते, शाळेने कोणती तयारी ठेवायची आणि आम्ही कशाला नाही म्हणतो, हे आधीच सांगितलेले बरे. ऐन कार्यक्रमाच्या दिवशी त्यावरून घासाघीस नको.

इयत्ता तिसरी ते नववीच्या मुलांना आम्ही जेंबे हा हाताने वाजवायचा ढोल शिकवतो आणि पश्चिम आफ्रिकेतल्या हस्तकला करून घेतो. ‘आफ्रिकन’ हा शब्द फलकावर चटकन कळतो म्हणून आम्हीही तो लिहितो. पण त्या खंडात पन्नासहून अधिक देश आहेत, त्यामुळे वर्गात आम्ही गावाचे, देशाचे, लोकांचे नाव घेऊनच बोलतो. जेंबे गिनी आणि माली भागातल्या मालिंके लोकांचा. चिखलाने रंगवलेले कापड मालीतल्या बामाना लोकांचे. ठशांचे कापड घानातल्या असांते लोकांचे. पहिली पाच मिनिटे नकाशासमोर जातात आणि ती आम्ही कधीही कापत नाही.

नकाशासमोर उभे राहिले की एक प्रश्न हमखास येतो : सिद्दी जौहर इथलाच का? पन्हाळ्याचा वेढा चौथीपासून पाठ असतो, जंजिरा सहलीत पाहिलेला असतो, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. उत्तर असे, की आपल्याकडे आलेले सिद्दी मुख्यतः पूर्व आफ्रिकेतले. मलिक अंबर इथिओपियातला. त्याने वसवलेली खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद. गुजरातेतले सिद्दी आजही धमाल नावाचे नृत्य करताना मुगरमान नावाचा ढोल वाजवतात. जेंबे मात्र खंडाच्या दुसऱ्या टोकाचा, अटलांटिककडचा. दोन्हींची सरमिसळ आम्ही करत नाही. इतिहासाच्या शिक्षकांनी हा धागा पुढच्या तासाला जरूर धरावा.

वाद्य

जेंबेचे खोड एका अखंड ओंडक्यातून कोरतात. वर रुंद, कमरेला आवळलेले, खाली नळीसारखे. लेंके नावाच्या झाडाचे लाकूड त्यासाठी नावाजलेले आहे. ते जड असते आणि सहसा तडकत नाही. हे काम परंपरेने नुमू, म्हणजे लोहारांकडे. लाकूड कोरणे लोहाराचे काम कसे, असे मुले विचारतात. मालिंके समाजात लोखंड आणि लाकूड ही दोन्ही कामे नुमूंच्याच घराण्यांत चालत आली आहेत.

तोंडावर बकऱ्याचे कातडे. ते भिजवून लोखंडी कड्यांमध्ये धरतात, उन्हात वाळवतात आणि मग दोरीने ताणतात. खिळा नाही, डिंक नाही, तबल्यासारखी शाईही नाही. उभ्या दोऱ्या एकमेकींत अडकवत नेल्या की चौकटींची नक्षी पडते आणि पान, म्हणजे तोंडावरचे कातडे, आणखी ताणले जाते. एक जेंबे आम्ही मुद्दाम सैल करून आणतो. दोन मुले दोरी ओढतात, बाकीची पानावर टिचकी मारून आवाज चढतो का ते ऐकतात. तालवाद्य सुरात लावावे लागते, ही गोष्ट बऱ्याच जणांना तिथेच पहिल्यांदा कळते.

जेंबे गावाबाहेर पडला त्याचे बरेचसे श्रेय गिनीच्या फोदेबा केता यांना जाते. त्यांनी १९५२ च्या सुमारास उभे केलेले नृत्यपथक युरोप-अमेरिकेच्या रंगमंचांवर गाजले आणि १९५८ मध्ये गिनी स्वतंत्र झाल्यावर देशाचे राष्ट्रीय पथक बनले. पुढे मामादी केता यांच्यासारखे वादक देशोदेशी शिकवत राहिले. आज भारतातल्या शहरांत जेंबे दिसतो तो याच वाटेने आलेला.

वादन : ९० मिनिटे

आवाज तीनच. पानाच्या मध्यावर पूर्ण तळवा टाकला की खर्ज. काठावर बोटे जुळवून मारली की गोल, भरीव आवाज. बोटे थोडी मोकळी सोडून काठावरच फटका दिला की तीक्ष्ण, टणक आवाज. हे तीन आवाज आधी तोंडाने म्हणायचे, मग हाताने काढायचे. नायजेरियाचे वादक बाबातुंदे ओलातुंजी यांनी अमेरिकेत शिकवताना रूढ केलेले बोल आम्ही वापरतो : खर्जाला ‘गुन’ आणि ‘दुन’, भरीव आवाजाला ‘गो’ आणि ‘दो’, फटक्याला ‘पा’ आणि ‘ता’. जोडीतला पहिला बोल उजव्या हाताचा, दुसरा डाव्या. तबल्याचे बोल कानावर असलेल्या मुलांना हे सांगावेही लागत नाही.

तिसरा आवाज मात्र पहिल्याच दिवशी येत नाही. मुले जोर वाढवतात, आणि जोर वाढला की फटक्याऐवजी नुसता धप्प आवाज येतो, शिवाय बोटे लाल होतात. ढोल-ताशा पथकातून आलेल्या मुलांना ताल पक्का असतो, पण टिपरूची सवय खांद्यात भिनलेली असते. त्यांना आम्ही अर्ध्या ताकदीने वाजवायला लावतो. सुरुवातीला त्यांना ते अपमानास्पद वाटते. नंतर आवाज मोकळा झाला की तीच मुले इतरांचे मनगट धरून दाखवत फिरतात.

जेंबे पायांमध्ये धरून पुढे कलता ठेवायचा, कारण खालचे तोंड जमिनीला टेकले की खर्ज कोंडतो. फोटोसाठी सगळ्यांना सरळ रांगेत, वाद्ये जमिनीवर उभी ठेवून बसवा, अशी सूचना येते. फोटो चांगला येतो, आवाज येत नाही. आम्ही गोलातच बसवतो.

पहिला ठेका बहुतेक वेळा ‘कासा’. हा मालिंके लोकांचा शेतावरचा ठेका. माणसे ओळीने काम करत असतात आणि वादक शेताच्या कडेला उभे राहून वाजवतात. आपल्याकडच्या भलरीची गाणी ज्यांच्या घरी आजी-आजोबांना आठवतात, त्यांना वेगळे समजावावे लागत नाही. चाल केरव्याच्या वळणाची असल्याने हाताला लवकर बसते. मुलांचे तीन गट होतात. दोन गट जेंबेवर, पण त्यांचे हात एकमेकांत गुंतलेले, एकाची थाप दुसऱ्याच्या रिकाम्या जागेत. तिसरा गट डुनडुनवर. डुनडुन म्हणजे दोन्ही तोंडांना कातडे असलेले, काठीने वाजवायचे पिंपासारखे ढोल. मोठा डुनडुनबा, मधला सांगबान, छोटा केंकेनी. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने वर बांधलेली लोखंडी घंटा. गाण्याची खरी चाल या तिघांत असते, जेंबे त्यावर बोलतो. म्हणून तालाला स्थिर मुले आम्ही डुनडुनवर घेतो, आणि ती बहुधा वर्गात सगळ्यांत कमी बोलणारी निघतात.

ठेका सुरू करायचा आणि थांबवायचा तो मुख्य जेंबेच्या इशाऱ्यावर. इशारा म्हणजे ठरलेले एकच वाक्य, वाद्यावर वाजवलेले. तो ऐकू आला की सगळ्यांनी एकाच मात्रेवर थांबायचे. तीस-पस्तीस मुले वाजवत असताना हे साधायचे तर प्रत्येकाला स्वतःच्या आवाजाच्या पलीकडे कान द्यावा लागतो. आमच्या मते या दीड तासातला सगळ्यांत मोलाचा भाग हाच. वाद्य येणे पुढची गोष्ट. शेवटच्या दहा मिनिटांत इशारा देण्याचे काम मुलांकडे जाते. पारंपरिक गावांत जेंबे प्रामुख्याने पुरुषांच्या हाती असे. आज गिनीतच स्त्रिया व्यावसायिक पथकांत वाजवतात. आमच्याकडे मुलगा-मुलगी असा भेद नाही.

चिखलाचे कापड : दोन तास

मालीत याला बोगोलान म्हणतात. हाताने विणलेले सुती कापड झाडपाल्याच्या काढ्यात बुडवून पिवळे करतात. त्यात मुख्य न्गालामा या झाडाची पाने, आणि हे झाड आपल्या सह्याद्रीतल्या धावड्याच्या कुळातले. मग मडक्यात महिनोन्महिने मुरवलेल्या गाळाने कापडावर नक्षी काढतात. गाळातले लोह आणि पानांतले टॅनिन हे तुरट द्रव्य यांचा संयोग होतो आणि तो भाग काळा पडतो. माती धुऊन टाकली तरी काळा रंग राहतो. परंपरेने हे काम स्त्रियांचे, नक्षी आईकडून मुलीकडे आलेली. पूर्वी शिकारी आणि बाळंतीण अशी कापडे रक्षणासाठी नेसत. १९८० च्या दशकात मालीचे वेशभूषाकार क्रिस सेदू यांनी ती पॅरिसच्या फॅशनमध्ये नेली.

इथे आम्ही न्गालामाऐवजी हिरडा वापरतो. मांजरपाटाचे तुकडे हिरड्याच्या पाण्यात भिजवून, वाळवून आणतो. ते फिकट पिवळे दिसतात. गंजके लोखंड आणि गूळ पाण्यात दोन-तीन आठवडे ठेवून तयार केलेले कसीम आम्ही चाळलेल्या मातीत कालवतो. मुले काडीने किंवा ब्रशने रेघ ओढतात आणि ती डोळ्यांदेखत काळी होत जाते. त्या क्षणी वर्गात जो गलका होतो तो शिक्षकांनी चालवून घ्यावा. आठवी-नववीच्या वर्गात विज्ञानाचे शिक्षक सोबत बसले तर फार उत्तम, कारण जुन्या काळची दौतीतली काळी शाई याच रसायनावर चालायची. मालीत शेवटी नक्षीच्या मधला पिवळा भाग दाहक साबणाने पांढरा करतात. मुलांसोबत आम्ही ते करत नाही, पिवळा तसाच राहू देतो.

कसीमचा डाग गणवेशावरून जात नाही. त्या दिवशी जुना शर्ट घालून येण्याची सूचना डायरीत लिहून द्या. अॅप्रन आम्ही देतो, पण सहावीतल्या मुलांपुढे अॅप्रनचे काही चालत नाही.

ठसे आणि मणी

तिसरी ते पाचवीसाठी चिखलाऐवजी ठसे. घानातल्या कुमासीजवळच्या न्तोन्सो गावात भोपळ्याच्या वाळक्या कवटीवर ठसे कोरतात आणि झाडाची साल उकळून केलेल्या काळ्या रंगात बुडवून कापडावर उठवतात. याला आदिंक्रा म्हणतात. १८१७ मध्ये कुमासीत मिळालेले एक आदिंक्रा कापड लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हे कापड मुळात दुखवट्याच्या प्रसंगी नेसायचे, तेही आम्ही मुलांना सांगतो. कोरलेले ठसे आम्ही दाखवायला आणतो. मुले स्वतः फोमचा ठसा कापतात, कात्री बोथट टोकाची असते. मागे वळून पाहणारा पक्षी आणि मेंढ्याची शिंगे या आकृत्या सोप्या. पण मागणी असते ती एकाच पोटाच्या दोन मगरींना. पोट एक असूनही खाण्यावरून भांडणाऱ्या या मगरी बाकावर बसलेल्या प्रत्येक भावंडाला ओळखीच्या वाटतात.

वेळ उरला तर युगांडात करतात तसे कागदी मणी. जुन्या कॅलेंडरच्या निमुळत्या पट्ट्या दातकोरणीवर गुंडाळायच्या, बस्स.

शाळेने काय बघायचे

एका तुकडीत ३५ पर्यंत मुले. हॉल किंवा पत्र्याची शेड चालेल, पण शेजारी चाचणी सुरू नको. जेंबेचा आवाज दोन भिंती ओलांडतो. बिनहाताच्या खुर्च्या हव्यात, लहानांसाठी बाक. हस्तकलेसाठी पाण्याचा नळ जवळ असावा आणि एक शिक्षक पूर्ण वेळ वर्गात असावा. त्या शिक्षकांनी मागे वह्या तपासत न बसता गोलात येऊन वाजवावे, असा आमचा आग्रह आहे.

अंगठ्या, कडी, घड्याळे काढून ठेवायची. लोखंडी कड्याचा एक फटका कातडे फाडायला पुरतो. ज्या मुलांना मोठा आवाज सहन होत नाही त्यांची नावे आधी कळवा. त्यांना कडेची जागा आणि कानाला लावायची मफ देतो. खुर्चीवर बसून जेंबे कलता धरणे ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी स्टँडवरचे जेंबे आहेत.

जुलै-ऑगस्टमध्ये, विशेषतः कोकणात, कातडे ओल धरते आणि सकाळी लावलेले वाद्य दुपारी ढेपाळते. त्या दिवसांत आम्ही निम्मे जेंबे कृत्रिम पानांचे आणतो. शक्य असेल तर दिवाळीनंतरची तारीख घ्या, वाद्य जास्त चांगले बोलते.

ज्याला आम्ही नाही म्हणतो

स्नेहसंमेलनात ‘जंगल नृत्या’साठी ढोल वाजवा, मुलांना गवताचे घागरे आणि तोंडाला काळा रंग लावतो, अशी विचारणा दरवर्षी होते. ते आम्ही करत नाही, आणि त्या नाचासाठी वाद्येही भाड्याने देत नाही. त्याऐवजी मुलांनी शिकलेला कासा मंचावर वाजवावा, गणवेशातच. त्यासाठी चार तास लागतात, एका दीड तासात होत नाही. उद्या कार्यक्रम आहे आणि आज शिकवा, असे सांगू नका.

एका दिवसात संपूर्ण शाळा बसवा, हेही नको. दिवसाला तीन तुकड्या घेतो. चौथ्या तुकडीपर्यंत शिकवणाऱ्याचे हात आणि कान दोन्ही थकलेले असतात.

शुल्क तुकडीमागे आहे, मुलामागे नाही. कापड, रंग, ठसे त्यात धरलेले आहेत, प्रवासखर्च वेगळा. यंदाचे दर सोबतच्या कागदावर आहेत. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांनी दर पाहून मागे फिरू नये, आधी बोलावे. जवळच्या दोन शाळांनी मिळून एकच दिवस घेतला तर प्रवासखर्च निम्मा होतो.

पालकांसाठी

मूल घरी आणेल ते कापड पहिल्यांदा नुसत्या पाण्यात, वेगळे धुवा. पाणी थोडे पिवळे निघेल, काळजी नको. लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा ब्लीच लागले तर काळी नक्षी उडते, म्हणून डब्याचा रुमाल म्हणून ते वापरू नका. सावलीत वाळवा, इस्त्री उलट्या बाजूने करा.