गाडीचा इंटेक बदलायचाय? आरटीओत कोणता अर्ज लागतो आणि कोणता लागत नाही

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून मला हल्ली एकच प्रश्न वारंवार येतो. 'दादा, गाडीला कोन फिल्टर बसवलाय, आता आरसीवर नोंद करायला कोणता फॉर्म भरायचा?' विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा जुनी पोलो जीटी असते, नाहीतर आय-ट्वेन्टी एन लाईन. पुण्या-मुंबईतून सेकंडहँड आणलेली मस्टँग असलेलेही एक-दोन भेटले. लळिंग घाटात चढाला पाय दाबला की बोनेटखालून जो घुमारा येतो, त्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

उत्तर आधीच सांगून टाकतो. इंटेक म्हणजे इंजिनात हवा आत घेण्याची वाट, आणि कोन फिल्टर म्हणजे त्या वाटेवर बसणारा शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर. यासाठी म्हणून वेगळा फॉर्म नाही. मोटार वाहन कायद्यात 'एअर इंटेक' असं नाव घेऊन दिलेली परवानगी नाही आणि बंदीही नाही. त्यामुळे 'एवढे पैसे द्या, इंटेक आरसीवर चढवून देतो' असं सांगणाऱ्या एजंटाला लांबूनच नमस्कार करा. फॉर्म नाही म्हणजे नियम नाही, असं मात्र समजू नका. या कामाला तीन-चार नियम बाजूबाजूने येऊन भिडतात, आणि कोणता कुठे लागू होतो हे कळलं की निम्मी धावपळ वाचते.

आधी बदल नेमका काय, ते बघा

हवा आत घेण्याच्या वाटेत पुढून मागे अशा गोष्टी असतात: ग्रिलच्या मागची हवेची नळी, आवाज दाबणारा रेझोनेटर, फिल्टरचा डबा, हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर आणि शेवटी थ्रॉटल बॉडी, म्हणजे ॲक्सिलरेटरनुसार हवा कमी-जास्त सोडणारी झडप. सेन्सर सगळ्या गाड्यांना नसतो. काही ठिकाणी फक्त दाब मोजून काम भागवलं जातं. इंजिन हवा ओढताना प्रत्येक वेळी व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो आणि नळीत दाबाचे हेलकावे तयार होतात. तोच आवाज. रेझोनेटर हा त्यातले ठरावीक सूर गिळणारा पोकळ डबा. तो काढला की गिळलेले सूर परत ऐकू येतात. टर्बो गाडीत त्याबरोबर टर्बोची शिट्टी आणि पाय सोडल्यावरचा 'फुस्स' वाढतो. साध्या, बिनटर्बो इंजिनात मात्र खरा घुमारा मिळतो.

बाजारात तीन प्रकारचं सामान मिळतं. पहिला प्रकार म्हणजे मूळ डब्यातच बसणारा, धुऊन वापरता येणारा पॅनेल फिल्टर. के अँड एन, बीएमसी या कंपन्यांचे आपल्याकडे सहज मिळतात. दुसरा, डबा काढून थ्रॉटलजवळ उघडा कोन बसवणारा शॉर्ट रॅम. तिसरा, तोच कोन लांब पाईपने बंपरच्या मागे, खाली नेणारा कोल्ड एअर इंटेक. पहिल्यात आवाज जेमतेम बदलतो. कागदपत्रांचा विषय खऱ्या अर्थाने सुरू होतो तो दुसऱ्या-तिसऱ्यात.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर जो तपशील आहे तो कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही, हा त्याचा गाभा. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठणकावलं. उच्च न्यायालयाने बदलांना दिलेली मोकळीक त्या निकालाने रद्द झाली. त्यानंतर व्हॉट्सॲपवर 'आता नट-बोल्टही बदलता येणार नाही' असे मेसेज फिरले. ते खोटं. याच कलमात 'बदल' म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फरक, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं, असा खुलासा आहे.

मग आरसीवर असतं काय? गाडीचा वर्ग, बनावट, बॉडीचा प्रकार, सिलिंडरची संख्या, इंजिन आणि चासी क्रमांक, घनक्षमता, इंधन, आसनं, रंग, व्हीलबेस, रिकामं वजन. फिल्टर यात कुठेच नाही. म्हणून पॅनेल फिल्टरसाठी आरटीओच्या खिडकीवर उभं राहायचं कारण नाही. कोन किटसुद्धा आरसीवर चढत नाही, पण तिथे वेगळी कलमं येतात.

एक कलम १८२अ (४). कायद्यात परवानगी नाही अशा रीतीने सुटे भाग नंतर बसवून गाडीत बदल केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'दर बदलामागे' हे शब्द नीट वाचा. दुसरं कलम १९० (२), म्हणजे रस्ता सुरक्षा, आवाज आणि धूर यांचे निकष मोडल्याबद्दल. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने अपात्र ठरू शकतं. दंडापेक्षा हे लायसन्सचं कलम जास्त झोंबतं.

आवाजाची मर्यादा आणि तिची गंमत

नऊ आसनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीला १ एप्रिल २००५ पासून ७४ डेसिबलची मर्यादा आहे. ही मर्यादा गाडी जागेवर उभी करून मोजायची नाही. चाचणी अशी असते: गाडी ताशी ५० किलोमीटरने येते, ठरलेल्या रेषेवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतात, आणि मार्गाच्या मध्यरेषेपासून ७.५ मीटरवर ठेवलेला मायक्रोफोन आवाज मोजतो.

आता इंटेकचा आवाज कधी येतो ते आठवा. गाडी नुसती चालू ठेवली तर कोन फिल्टर मुका. थ्रॉटल पूर्ण उघडला की तो गर्जतो. म्हणजे कंपनीच्या चाचणीत ज्या क्षणी आवाज मोजला जातो, नेमक्या त्याच क्षणी तुमचा बदल बोलायला लागतो. 'चौकात हवालदाराला काही ऐकू येत नाही' हा युक्तिवाद म्हणूनच पोकळ आहे. मेहरूण तलावाच्या रस्त्यावर पहाटे फिरायला येणाऱ्यांना विचारा.

तुमच्या एका गाडीसाठी अशी चाचणी करून प्रमाणपत्र आणता येईल का, हेही विचारतात. मान्यताप्राप्त संस्था आहेत: पुण्यात एआरएआय, आणि धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर, पळासनेर, बिजासन घाट ओलांडून पुढे गेलं की पिथमपूरला नॅट्रॅक्स. तिथला ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक पाहून कोणाचंही मन हरखेल. पण टाइप ॲप्रूव्हल, म्हणजे मॉडेलची चाचणी करून मिळणारी मान्यता, ही उत्पादकाने आपल्या मॉडेलसाठी घ्यायची गोष्ट आहे. एका मालकाने एका फिल्टरसाठी ती आणणं व्यवहारात बसत नाही.

जिथे अर्ज खरंच लागतो

इंटेकच्या नादात माणूस पुढे सरकतो आणि इंजिनच बदलतो, नाहीतर इंधन किंवा रंग. हे तिन्ही आरसीवर आहेत, त्यामुळे इथे आधी मंजुरी आणि मग काम. आधी काम उरकून मग फॉर्म विचारत येणारेच जास्त. काम झाल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते.

अर्ज नोंदणीकृत मालकानेच करायचा, आणि तो राहतो त्या हद्दीच्या कार्यालयात. जळगाव एमएच-१९, धुळे एमएच-१८, नंदुरबार एमएच-३९. गाडी बँकेच्या कर्जावर असेल तर बँकेचं लेखी संमतिपत्र आधी घ्या. थकीत कर आणि जुनी ई-चलनं मिटवून ठेवा, नाहीतर अर्ज मधेच अडकतो.

प्रक्रिया परिवहन विभागाच्या 'वाहन' पोर्टलवर सुरू होते. राज्य महाराष्ट्र निवडायचं, गाडीचा क्रमांक आणि चासीचे शेवटचे पाच अंक टाकायचे, नोंदणीकृत मोबाईलवर ओटीपी येतो. सेवांच्या यादीतून वाहनातील बदल निवडा, तपशील भरा, शुल्क ऑनलाइन भरा, अर्ज आणि पावती छापा, मग भेटीची वेळ घेऊन गाडी तपासणीला न्या. मोबाईल नंबर जुन्या मालकाचा असेल तर इथेच गाडी अडते. सेकंडहँडवाल्यांनी आधी तो नंबर बदलून घ्यावा.

सोबत न्यायचं ते असं: महाराष्ट्रात वापरले जाणारे बी.टी. आणि बी.टी.आय. नमुने सही करून, मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, पॅन, चासी आणि इंजिन क्रमांकाची पेन्सिल प्रिंट, नव्या भागाचं जीएसटी बिल. सीएनजी किट असेल तर ते तुमच्या गाडीच्या मॉडेलसाठी मान्यताप्राप्त असल्याचं प्रमाणपत्र आणि अधिकृत फिटमेंट सेंटरचा दाखला. आणि सीएनजी बसवणार असाल तर कोन इंटेकचा नाद सोडा. किटची मान्यता मूळ हवेच्या वाटेसकट असते.

नंदुरबार-नवापूर पट्ट्यात आणखी एक प्रकार सर्रास दिसतो. भाऊ सुरतला कामाला, गाडी जीजे पासिंगची, फिरते मात्र वर्षानुवर्षं आपल्याकडे. बाहेरच्या राज्याची गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर कलम ४७ प्रमाणे नवा नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी फॉर्म २८ वर आणि नव्या नंबरचा अर्ज फॉर्म २७ वर. ही तपासणी तोंडावर असताना बोनेटखाली चमकता ॲल्युमिनियम पाईप ठेवू नका, एवढंच सांगतो.

आरटीओबाहेरचे दोन कागद

विमा कंपनीला बदल लेखी कळवा, ईमेल चालेल, आणि पॉलिसीवर एंडॉर्समेंट, म्हणजे बदलाची नोंद, मागा. ते नकार देतील किंवा हप्ता वाढवतील. पण अपघातानंतर सर्व्हेअरने न कळवलेला कोन फिल्टर पाहण्यापेक्षा हे बरं. वॉरंटीबाबत एक गैरसमज पसरलाय. २०१९ च्या दुरुस्तीत 'बदल केला तरी वॉरंटी रद्द मानली जाणार नाही' असं वाक्य आहे खरं, पण ते केंद्र सरकारने तपशील ठरवून दिलेल्या बदलांपुरतं. गॅरेजमध्ये बसवलेल्या इंटेकला ते लागू नाही.

पीयूसीचंही बघून घ्या. बीएस-६ पेट्रोल मोटारीला आयडलिंगवर, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत हवं. वाढवलेल्या आयडलवर लॅम्डा, म्हणजे हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा, ०.९७ ते १.०३ मध्ये लागतो. पाईपचा व्यास बदलला की हवेचा सेन्सर चुकीची हवा सांगतो आणि हे आकडे घसरतात. माझ्या स्वतःच्या गाडीला एका गॅरेजवाल्याने तेल चोपडलेला फिल्टर बसवून दिला, तेल सेन्सरवर गेलं आणि चेक इंजिनचा दिवा आठ दिवस पाहुण्यासारखा बसून राहिला.

खान्देशात हे बसवावं का

कागदाबाहेरचं आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या आसपास जातो. २७ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा साधारण ६ टक्के विरळ असते. उघडा कोन बोनेटखालची ६० अंशांची हवा ओढत असेल तर १० टक्के. म्हणजे आवाज वाढतो आणि ताकद पळते. लोकांना उलटं वाटतं, कारण कानाला गाडी जोरात वाटते. त्यात आपली काळ्या मातीची धूळ आणि कापसाच्या हंगामात हवेत उडणारी तंतूंची पिंजण. कंपनी फिल्टर धुण्याचा जो कालावधी सांगते तो डांबरी रस्ते धरून. आपल्याकडे तो निम्मा धरा. खाली नेलेला कोल्ड एअर पाईप पावसाळ्यात रेल्वेच्या बोगद्यात साचलेलं पाणी ओढू शकतो. पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग खरोखरच इंजिन बदलीचा अर्ज भरावा लागतो.

आवाज फक्त स्वतःला ऐकायचा असेल तर कंपन्यांनीच शोधलेली वाट आहे. टोयोटाच्या जीटी-८६ मध्ये इंटेकपासून केबिनच्या भिंतीपर्यंत एक नळी दिली होती. घुमारा आत येतो, बाहेरच्यांची झोप मोडत नाही.

आणि गाडी निव्वळ ट्रॅकवर पळवायची असेल तर हिशेबच वेगळा. नोंदणीची सक्ती सार्वजनिक जागी चालवण्यासाठी आहे. स्पर्धेची गाडी ट्रेलरवर नेतात, चालकाला एफएमएससीआय या संघटनेचं स्पर्धा लायसन्स लागतं, आणि इंटेक चालतो की नाही ते त्या गटाच्या नियमपुस्तकात पाहायचं.

ज्यांनी आधीच बसवलाय त्यांच्यासाठी: बिल, पार्ट नंबर, विमा कंपनीचं उत्तर आणि ताजी पीयूसी एका फाईलमध्ये ठेवा. मूळ डबा, रेझोनेटर आणि त्याचे रबरी बूच भंगारात देऊ नका, माळ्यावर टाका. गाडी विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होण्याआधी तो डबा परत बसवा आणि इंटेक वेगळा विका. दोन्हींची मिळून किंमतही जास्त येते.