शब्दसंपत्तीचे अध्यापन

शालेय विद्यार्थ्यांना शब्दांचा अर्थ, रूप आणि वापर योजनापूर्वक शिकविण्याची पद्धती. शब्द ओळखणे आणि तो बोलण्यालिहिण्यात आपणहून योजणे या तिच्या दोन पायऱ्या मानतात. दुसरी बहुधा उशिरा गाठली जाते.

पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो चेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनिअसच्या १६५८ मधील सचित्र पाठ्यपुस्तकात पाहतात. त्यात चित्रातील वस्तू व मजकुरातील शब्द क्रमांकांनी जोडलेले होते. इतरांच्या मते खरा आरंभ १९२१ मध्ये झाला. त्या वर्षी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने वारंवारतेनुसार निवडलेल्या १०,००० इंग्रजी शब्दांची यादी शिक्षकांसाठी प्रसिद्ध केली. त्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, जर्मन लघुलेखनतज्ज्ञ केडिंगने जर्मन शब्दांची प्रचंड गणना केली होती; पण ती लघुलेखनासाठी असल्याने तिला येथे आरंभबिंदू मानणे कठीण आहे. शब्द कसा दाखवावा याचा विचार कोमेनिअसकडे, तर कोणता निवडावा याचा थॉर्नडाइककडे आढळतो. अध्यापनाच्या दृष्टीने निवडीचा प्रश्न अधिक मूलगामी म्हणावा लागेल.

बहुतेक शब्द वाचनातूनच येतात, असे नेगी, हर्मन व अँडरसन या अमेरिकन संशोधकांनी १९८५ मध्ये मांडले. मात्र १९९९ मध्ये अनेक अभ्यासांच्या केलेल्या एकत्रित विश्लेषणानुसार सहज वाचनात भेटलेल्या अपरिचित शब्दांपैकी सुमारे १५ टक्केच आत्मसात होतात. त्यामुळे विपुल वाचनाला निवडक शब्दांच्या थेट अध्यापनाची जोड द्यावी, हे मत ग्राह्य वाटते. बेक व मॅककिओन या अमेरिकन संशोधिकांनी शब्दांचे तीन स्तर कल्पिले : नित्याचे (‘पाणी’), अनेक विषयांत येणारे (‘संदिग्ध’, ‘तुलना’) आणि पारिभाषिक (‘प्रकाशसंश्लेषण’). थेट अध्यापनात मधल्या स्तरावर भर असावा, असे त्या सुचवितात.

केवळ प्रतिशब्द देणे अपुरे ठरते. ‘तुटपुंजा म्हणजे अपुरा’ एवढेच सांगितलेला विद्यार्थी ‘माझी उंची तुटपुंजी आहे’ असे लिहू शकतो. ‘तुटपुंजे वेतन’, ‘तुटपुंजी मदत’ अशा प्रयोगांतून शब्दाचे क्षेत्र कळते. तो कोठे चालत नाही, हेही सांगावे लागते. ‘जलचर’, ‘जलाशय’, ‘निर्जल’ यांसारखी शब्दकुले घटक सोडवून दाखविली, तर पुढचा अनोळखी शब्द विद्यार्थी स्वतः उलगडू लागतो.

उजळणी एकाच दिवशी न उरकता अंतराअंतराने घेतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसच्या १८८५ मधील स्मृतिप्रयोगांचा याला आधार आहे, परंतु ते निरर्थक अक्षरगटांवर झाले होते. अर्थपूर्ण शब्द तुलनेने अधिक टिकतात, म्हणून त्याची विस्मरणाची आकडेवारी वर्गाला जशीच्या तशी लावणे योग्य नाही.