अंग सैल पडलं म्हणजे झोप लागली असं नाही

ऑपरेशनची भूल म्हणजे एकच इंजेक्शन, ते टोचलं की माणूस झोपतो, दुखणं थांबतं आणि अंगही सैल पडतं असं बऱ्याच जणांना वाटतं. पण ही तीन वेगळी कामं आहेत, आणि मोठ्या ऑपरेशनला त्यासाठी बहुतेक वेळा वेगवेगळी औषधं वापरतात. त्यातलं अंग सैल करणारं औषध म्हणजे मसल रिलॅक्संट, आणि त्याने ना झोप येते ना वेदना थांबते.

हे नक्की कसं कळलं तर अमेरिकेत स्कॉट स्मिथ नावाच्या भूलतज्ज्ञाने असं औषध स्वतःलाच टोचून घेतलं (हा प्रयोग 1947 साली छापून आला), पूर्ण शुद्धीत, झोपेचं काहीही न घेता. बोट हलेना, पापणी हलेना, श्वाससुद्धा दुसऱ्यांनी द्यावा लागला, पण आजूबाजूचं सगळं त्याला ऐकू येत होतं, टोचलेलं कळत होतं आणि नंतर त्याने ते सगळं सांगितलं. मला हा प्रयोग फार मोठा वाटतो कारण न हलणारा पेशंट झोपलेलाच असेल असं धरून चालत नाही हे त्यातून पक्कं झालं.

त्याने घेतलेलं औषध क्युरारेमधलं होतं. क्युरारे म्हणजे दक्षिण अमेरिकेतले आदिवासी शिकारी बाणाला लावायचे ते वनस्पतींचं विष. शिकार श्वास बंद पडून मरायची पण मांस खाल्लेलं चालायचं, कारण हे विष पोटातून रक्तात फारसं जातच नाही. ऑपरेशनमध्ये ते पहिल्यांदा नीट वापरलं ग्रिफिथ आणि जॉन्सन या डॉक्टरांनी, कॅनडात मॉन्ट्रियलला, जानेवारी 1942 मध्ये. त्याआधी पोटाचे स्नायू सैल करायचे तर भुलेचा वायूच जास्त द्यावा लागायचा आणि त्याचा ताण हृदयावर यायचा.

आता हे चालतं कसं? मज्जातंतूचं टोक स्नायूला चिकटलेलं नसतं, मध्ये बारीक फट असते. मेंदूचा निरोप टोकापर्यंत आला की तिथून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, ते पलीकडे स्नायूवरच्या रिसेप्टरमध्ये, म्हणजे निरोप घेणाऱ्या कुलपात, किल्लीसारखं बसतं आणि स्नायू आखडतो. रोक्युरोनियम, व्हेक्युरोनियम, ॲट्राक्युरियम ही अंग सैल करणारी औषधं त्याच कुलपात जाऊन बसतात पण कुलूप उघडत नाहीत, म्हणजे निरोप येत राहतो आणि स्नायू ढिम्म. हृदयाच्या स्नायूचं काम या कुलपावर चालत नाही म्हणून ते धडधडत राहतं. श्वासाचे स्नायू मात्र थांबतात, म्हणून घशातून श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटरने श्वास देतात, आणि ती नळी घालायला सोपं जावं म्हणूनही हेच औषध लागतं.

सक्सिनिलकोलीन या दुसऱ्या मसल रिलॅक्संटची तऱ्हा उलटी आहे. ते कुलूप उघडतं आणि तिथेच अडकून बसतं, त्यामुळे आधी अंगभर स्नायू फडफडतात आणि मग साधारण मिनिटभरात सगळं सैल. रक्तातलं एक एन्झाइम ते पाच-दहा मिनिटांत तोडून टाकतं, पण काही घराण्यांत हे एन्झाइम जन्मतःच कमी किंवा सदोष असतं आणि तिथे तोच असर तासन्तास राहू शकतो, म्हणून घरात कुणाला भुलेचा त्रास झाला होता का हा प्रश्न उडवून लावू नका, आठवून सांगा.

औषध उतरलं की नाही हे अंदाजाने ठरवणं मला पटत नाही, कारण मापायची सोय आहे. मनगटाजवळच्या नर्व्हला दोन सेकंदांत चार हलके शॉक देतात आणि अंगठा किती हलतो ते बघतात. रोक्युरोनियमसारख्या औषधाचा असर बाकी असेल तर अंगठ्याचा प्रत्येक झटका आधीच्यापेक्षा कमजोर येतो. असर उतरवायला दोन औषधं आहेत: निओस्टिग्मीन दिलं की ॲसिटिलकोलीन वाढून औषधाला कुलपातून हुसकावतं, आणि सुगामाडेक्स तर साखरेच्या रेणूंची कडी आहे, ती रोक्युरोनियमला रक्तातच आपल्या पोटात कोंडून ठेवते. चौथा झटका पहिल्याच्या निदान 90 टक्के झाला, पेशंट स्वतः नीट श्वास घ्यायला लागला, की मग नळी काढतात, आणि स्नायूंमध्ये पुरेशी ताकद येईपर्यंत झोपेचं औषध चालूच ठेवतात.