आधण आधी, आंबट शेवटी

मंद आचेवर पुरेसा वेळ ठेवले की कोणताही दाणा कधी ना कधी मऊ होतोच, असा आपला पक्का समज असतो आणि स्लो कुकर हे तासन्‌तास मंद आच देणारे विजेचे उपकरण तर याच समजावर उभे आहे. मीही त्याच भरवशावर एकदा अख्खे मसूर, चिरलेला कांदा, भरपूर टोमॅटो, मीठ, मसाला आणि नळाचे गार पाणी असे सगळे एकदम भांड्यात घातले, बटण ‘मंद’वर फिरवले आणि आठ तासांनी झाकण उघडले. रश्शाला रंग उत्तम आला होता, वासही दरवळत होता. पण प्रत्येक दाण्याच्या पोटात कणी होती. आणखी दोन तास दिले तरी ती गेली नाही. ज्यांना ज्यांना हे सांगितले, त्यांपैकी बहुतेकांनी दोष मिठाला दिला: मीठ आधी घातले की डाळ शिजत नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे हे शोधताना मात्र दाणा शिजतो म्हणजे नेमके काय होते, या फार सुंदर प्रश्नापाशी आपण येऊन पोहोचतो.

मसुराचा दाणा दोन्ही बाजूंनी फुगीर असतो. भिंगाला ‘लेन्स’ हे नाव मिळाले तेच मुळी मसुराच्या लॅटिन नावावरून, कारण पहिली बहिर्गोल भिंगे याच आकाराची दिसत. या चिमुकल्या भिंगात कोरड्या वजनाच्या सुमारे पाव हिस्सा प्रथिने असतात आणि उरलेल्यात मोठा वाटा पिष्टाचा असतो. पिष्टाचे कण प्रथिनांच्या गर्दीत रुतून पेशींच्या आत बसलेले असतात. पाणी मिळाले आणि तापमान ६० ते ७५ अंश सेल्सियसच्या दरम्यान गेले की हे कण पाणी शोषून फुगतात आणि मऊ पडतात. स्लो कुकर शेवटी ९० अंशांच्या पुढे जातोच, त्यामुळे पिष्ट न शिजण्याचा प्रश्न उद्भवत नाही. दाताखाली दाणा टणक लागतो की मऊ, हे ठरते पेशींच्या बाहेर, दोन शेजारी पेशींना जोडणाऱ्या थरात. बोटचेपा शिजलेला दाणा चेपला की पेशी एकमेकींपासून सुट्या होऊन घसरतात. न शिजलेल्या दाण्यात त्या सुटत नाहीत, दाताने फोडाव्या लागतात. डाळ शिजणे म्हणजे मुख्यतः हा सांधा सुटणे होय.

हा सांधा पेक्टिनचा असतो. फळांचा मुरंबा घट्ट करणारे पेक्टिन ते हेच. गॅलॅक्ट्युरोनिक आम्लाचे शेकडो एकक एकापुढे एक जोडून त्याची लांब साखळी बनते आणि प्रत्येक एककावर एक आम्लगट असतो. यांतल्या काही आम्लगटांवर मिथाइल गटाची टोपी बसलेली असते, काही उघडे असतात. उघड्या गटावर ऋण प्रभार असतो. कॅल्शियमच्या आयनावर दोन धन प्रभार असतात, त्यामुळे एकच कॅल्शियम आयन शेजारशेजारच्या दोन साखळ्यांना एकदम धरून ठेवू शकतो. अशा अनेक जागा सलग आल्या की दोन साखळ्यांमधल्या खोलगट खाचांत कॅल्शियम ओळीने बसतो. या रचनेला रसायनशास्त्रज्ञांनी ‘अंड्यांची पेटी’ असे समर्पक नाव दिले आहे. ही पेटी जितकी भरलेली, तितका सांधा पक्का.

शिजवताना हा सांधा सुटतो तो प्रामुख्याने साखळी तुटल्यामुळे. उकळत्या पाण्याच्या आसपासच्या तापमानाला आणि फारसे आम्ल नसलेल्या पाण्यात पेक्टिनची साखळी ‘बीटा-एलिमिनेशन’ नावाच्या अभिक्रियेने तुटते, आणि ही अभिक्रिया टोपी घातलेल्या एककापाशीच सहजपणे घडते, ही यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. मिथाइलची टोपी असलेला गट आपल्याकडे इलेक्ट्रॉन ओढतो, त्यामुळे त्या एककाच्या पाचव्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल होतो. पाण्यातला हायड्रॉक्साइड आयन तो हायड्रोजन उचलून नेतो, चौथ्या आणि पाचव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध तयार होतो आणि चौथ्या कार्बनला जोडलेली पुढची साखळी गळून पडते. उघड्या गटावर ऋण प्रभार आधीच असल्याने तिथे हायड्रोजन असा सैल होत नाही. म्हणजे टोपी ही साखळीची कमजोर जागा आहे: जितक्या टोप्या जास्त, तितकी साखळी उष्णतेने लवकर तुटणार.

माझ्या आठ तासांच्या फजितीचे मूळ इथेच आहे. वनस्पतींच्या पेशीभित्तिकेत पेक्टिन मिथाइलएस्टरेज नावाचे एक विकर (एन्झाइम) असते आणि त्याचे काम या टोप्या काढून टाकणे हेच असते. थंड दाण्यात ते जवळजवळ निष्क्रिय असते. तापमान सुमारे ५० अंशांवर गेले की ते झपाट्याने कामाला लागते आणि ७० अंशांच्या पुढे गेल्यावर हळूहळू नष्ट होते. मधल्या काळात ते दुहेरी नुकसान करते. टोप्या गेल्यामुळे साखळीच्या कमजोर जागा कमी होतात, आणि उघडे पडलेले नवे गट कॅल्शियमला धरून अंड्यांच्या पेटीत आणखी खाचा भरतात. गाजर किंवा बटाट्याचे तुकडे ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवून मग उकळले तर ते थेट उकळलेल्या तुकड्यांपेक्षा कितीतरी अधिक टणक राहतात. भाज्या डबाबंद करणारे उद्योग या गुणाचा मुद्दाम उपयोग करून घेतात. आपण मात्र तोच प्रयोग नकळत रश्शावर करतो.

आता स्लो कुकरचा हिशेब पाहू. भांड्यात दीड किलो ऐवज आहे, त्यात पाव किलो मसूर आहेत आणि जड चिनीमातीचे पात्र दोन किलोचे आहे असे धरले, तर हे सगळे एक अंशाने तापवायला साधारण ८ किलोज्यूल उष्णता लागते. ५० अंशांवरून ७० अंशांवर जायला १६० किलोज्यूल लागतील. मंद टप्प्यावर कुकर १५० वॅट देत असेल, तर उष्णतेचा एक कणही बाहेर न जाता यासाठी १८ मिनिटे जातील; प्रत्यक्षात पात्राच्या भिंतींतून आणि झाकणातून उष्णता सतत निसटत असते, म्हणून ही मुदत अर्ध्या तासाच्या आसपास किंवा तिच्याही पुढे जाते. चुलीवरच्या पातळ पातेल्यात हाच पल्ला दोन-चार मिनिटांत ओलांडला जातो. विकराला ज्या तापमानात काम करायला सर्वांत आवडते, त्याच तापमानात स्लो कुकर दाण्याला सर्वाधिक काळ रेंगाळत ठेवतो. उपाय अगदी साधा आहे: गार पाण्याऐवजी आधण घालावे. पाणी आधी वेगळे खळखळ उकळून ते दाण्यांवर ओतले, आणि शक्य असल्यास जड पात्रही गरम पाण्याने हळूहळू कोमट करून घेतले, तर मिश्रण पहिल्याच मिनिटात धोक्याच्या पट्ट्यापलीकडे जाते. तापलेल्या पात्रात गार किंवा गार पात्रात एकदम उकळते पाणी ओतल्यास चिनीमातीला तडा जाऊ शकतो, एवढे मात्र जपावे.

हे उपकरण जन्माला आले ते शेंगावर्गीय दाणे शिजवण्यासाठीच. अमेरिकी संशोधक अर्विंग नॅक्सन यांनी १९३६ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९४० मध्ये ते मिळाले, आणि त्यांच्या भांड्याचे नावही दाण्यांवरून ‘नॅक्सन बीनरी’ असे होते. १९७० च्या सुमारास दुसऱ्या कंपनीने तो व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावाने भांडे घरोघरी पोहोचले. तेव्हापासून त्याभोवती जाहिरातींचे बरेच धुके जमले आहे. मंद आच अन्नातले ‘जीवनतत्त्व’ जपते, असे हल्ली छातीठोकपणे सांगितले जाते. असे मोजता येणारे कोणतेही तत्त्व नाही. फोलेट आणि थायमिन यांसारखी जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात, आणि रस्सा आपण पाण्यासकट खातो म्हणून ती वाया जात नाहीत, इतकेच खरे. दीर्घ काळ उष्णतेत राहिल्याने त्यांचा काही भाग नाश पावतो, हेही तितकेच खरे.

टोमॅटोचा अपराध वेगळा आहे. बीटा-एलिमिनेशनला हायड्रॉक्साइड आयन लागतात आणि आम्लात ते दुर्मीळ होतात. पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ४ च्या आसपास असताना पेक्टिन सर्वांत सावकाश तुटते, आणि टोमॅटोचा सामू साधारण ४.२ ते ४.६ असतो. डबाबंद चिरलेल्या टोमॅटोत तर फोडी टणक राहाव्यात म्हणून अनेकदा कॅल्शियम क्लोराइड घातलेले असते. म्हणजे आम्ल आणि कॅल्शियम दोन्ही एकदम. म्हणून टोमॅटो, चिंच, दही, लिंबू हे सगळे दाणा बोटचेपा झाल्यानंतरच घालायचे. दुष्फेन म्हणजे जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही हाच त्रास देतात. याउलट मिठातला सोडियम आयन एकाच धन प्रभाराचा असल्यामुळे दोन साखळ्यांना बांधू शकत नाही, आणि भिजवताना तो साल व पेशीभित्तिकेतल्या कॅल्शियमची जागा घेत जातो. लिटरभर पाण्यात दोन चहाचे चमचे मीठ घालून मसूर रात्रभर भिजवले तर साल लवकर नरम पडते. मिठाची बदनामी इथे संपायला हरकत नाही. खाण्याचा सोडा पाणी अल्कधर्मी करून साखळ्या भराभर तोडतो हे खरे, पण तो थायमिनचा नाश करतो आणि जास्त झाला तर रश्शाला साबणासारखी चव आणतो; मी तो वापरत नाही.

स्वस्तात मिळालेला जुना माल हा आणखी एक मुद्दा. उष्ण आणि दमट जागी महिनोन्‌महिने पडलेल्या दाण्यात फायटिक आम्लाचे हळूहळू विघटन होते. त्याने धरून ठेवलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोकळे होऊन पेशींच्या सांध्यांत जाऊन बसतात. असा दाणा कितीही शिजवला तरी कणी सोडत नाही, आणि खरेदीत वाचलेले पैसे इंधनात जातात. डाळी कोरड्या, थंड जागी ठेवाव्यात आणि बेताने भराव्यात.

एक सावधगिरी मात्र कानाडोळा करण्यासारखी नाही. वरचे सगळे मसुराबद्दल आहे, राजम्याबद्दल नाही. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे लेक्टिन, म्हणजे शर्करांना चिकटणारे एक प्रथिन, मोठ्या प्रमाणात असते आणि नीट न शिजलेले चार-पाच दाणेही एक ते तीन तासांत तीव्र उलट्या-जुलाब घडवू शकतात. ८० अंशांपर्यंतच तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही अधिक विषारी ठरू शकतो. राजमा किमान ५ तास भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात ३० मिनिटे खळखळ उकळल्याशिवाय स्लो कुकरमध्ये घालू नये. मसुरात हे लेक्टिन खूपच कमी असते आणि नीट शिजल्यावर ते निकामी होते. सर्वच डाळींतील लेक्टिने विषारी आहेत, म्हणून डाळीच सोडा, असा प्रचार करणारे आहारपंथ या एका राजम्याच्या भांडवलावर चालतात.

काटकसर नेमकी कुठे होते, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. १५० वॅटने ७ तास म्हणजे सुमारे १ किलोवॅट-तास ऊर्जा. पाणी आणि दाणे नुसते तापवायला त्याच्या आठव्या हिश्श्याच्या आसपास पुरते. बाकीची उष्णता भिंतींतून हवेत जाते. झाकण बंद असल्याने पाण्याची वाफ फारशी निसटत नाही, हा फायदा मोठा आहे, कारण एक लिटर पाण्याची वाफ करायला ०.६३ किलोवॅट-तास लागतो. तरीही झाकलेल्या पातेल्यात मसूर शिजवणे विजेच्या हिशेबात स्वस्त पडते, आणि प्रेशर कुकर त्याहूनही स्वस्त. बचत आहे ती मसुरात: पाव किलो कोरड्या दाण्यांत ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, म्हणजे चौघांना प्रत्येकी १५ ग्रॅम. शिवाय निसटणारी उष्णता पात्राच्या पृष्ठभागावर अवलंबून असते, आतल्या ऐवजावर फारशी नाही. म्हणून अर्ध्या भांड्याऐवजी पाऊण भांडे भरून रांधले तर प्रत्येक वाटीमागचा खर्च बराच उतरतो.

माझी सध्याची पद्धत अशी आहे. पाव किलो अख्खे मसूर मिठाच्या पाण्यात भिजवून निथळून घ्यावेत. कांदा-लसूण वेगळ्या कढईत तेलात तांबूस परतावा आणि त्यातच जिरे, हळद, तिखट घालावे, कारण तांबूस रंग आणि खमंगपणा देणाऱ्या अभिक्रिया १४० अंशांच्या आसपास वेग घेतात, आणि पाण्याने भरलेल्या भांड्याचे तापमान १०० अंशांपलीकडे कधीच जात नाही. हे सर्व, थोडे मीठ आणि लिटरभर आधण भांड्यात घालून मंदवर साडेपाच-सहा तास ठेवावे, सोललेली डाळ असेल तर तीनच तास. मधे झाकण उघडू नये. उरलेला रस्सा जड पात्रातच गार होऊ देऊ नये. उकळूनही टिकणारे जिवाणूंचे बीजाणू ६० अंशांखालच्या कोमट अन्नात रुजतात, म्हणून तो उथळ भांड्यात काढून लवकर फ्रिजमध्ये ठेवावा. आणि दाणा बोटाने चेपून पाहिल्यावरच, शेवटच्या अर्ध्या तासात, टोमॅटो घालावेत. ज्या आम्लाने माझे मसूर शिजू दिले नव्हते, तेच आम्ल आता साखळ्यांचे तुटणे मंदावते, आणि दुसऱ्या दिवशी गरम केल्यावरही दाणे गरगट न होता आपला आकार धरून राहतात.